पंपाची टाकी आणि शेजारची विहीर

पेट्रोल पंपावर आपल्याला जे दिसते ते सारे जमिनीवरचे. मशीन, नळी, छप्पर, हवा भरणारा मुलगा. खरा माल मात्र पायाखाली असतो. पोलादी टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात, एकेकीत हजारो लिटर पेट्रोल किंवा डिझेल मावते, आणि टाकीपासून मशीनपर्यंत जाणारे पाइपही जमिनीखालूनच नेलेले असतात. टाकी पुरतात ती आगीच्या भीतीने, आणि ती भीती रास्त आहे. पण पुरलेली वस्तू नजरेआड होते. नजरेआड ठेवलेल्या मालाला घट कशी लागते, हे गोदाम सांभाळणाऱ्या माणसाला सांगायला नको.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही बांधव विचारतील. त्याचे कारण असे की आपले बरेचसे धंदे जमिनीतल्या पाण्यावर उभे आहेत. रंगारी, सूत धुणारे, सायझिंगवाले, कातडे कमावणारे, बेकरीवाले, खानावळवाले, यांच्यापैकी कितीतरी जणांचे नळाच्या पाण्यावर भागत नाही, त्यांना विहीर किंवा बोअर लागतेच. आणि जुन्या बाजारपेठांत पंप, गॅरेज, कारखाना आणि वस्ती भिंतीला भिंत लावून आहेत. शिवाय इंधन साठवणारे फक्त पंपवालेच नाहीत. ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर डिझेलची टाकी असते, जनरेटरसाठी डिझेल ठेवले जाते, प्रोसेस हाउसच्या बॉयलरला फर्नेस ऑइल लागते, पिगमेंट छपाईची पेस्ट करायला केरोसीन वापरले जात आले आहे. म्हणजे या मामल्यात आपण कधी फिर्यादी असू, कधी आरोपीही असू.

आता गळती किती आणि नुकसान किती, याचा हिशेब करू. पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो. चाळीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि गंजलेल्या जोडातून सेकंदाला एकच थेंब पडतो असे मानले, तर दिवसाला दोन लिटरांच्या वर माल जातो. वर्षाला ७८८ लिटर. दहा वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही, तर जवळजवळ आठ हजार लिटर पेट्रोल एका विहिरीशेजारच्या जमिनीत मुरते.

पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचा पदार्थ असतो. तो कर्करोगाला कारण ठरतो हे सिद्ध झालेले आहे. आपल्या देशातील पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण जास्तीत जास्त १ टक्का असावे असा मानक आहे. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त १० मिलिलिटर, वजनाने पावणेनऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम इतकी आहे. भागाकार करून पाहा: एका लिटर पेट्रोलमधले सगळे बेंझीन पाण्यात विरघळले, तर पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला पोचते. दहा हजार लिटरचे सत्याऐंशी टँकर. प्रत्यक्षात सगळे विरघळत नाही. काही उडून जाते, काही मातीला चिकटते, काही जिवाणू खाऊन टाकतात. तरी लिटरभर मालाने केवढे पाणी नासू शकते याचा अंदाज येतो.

गळलेले पेट्रोल आधी मातीतून सरळ खाली झिरपते. पाण्याच्या पातळीला पोचले की थांबते, कारण ते पाण्यापेक्षा हलके आहे. दुधावर साय यावी तसे पाण्यावर पसरते. त्या थरातून बेंझीन, टोल्युईन, इथिलबेंझीन आणि झायलीन हे चार पदार्थ हळूहळू पाण्यात उतरतात आणि जमिनीतले पाणी जिकडे वाहते तिकडे जातात. प्रयोगशाळेत या चौकडीला बीटीईएक्स म्हणतात. हे नाव ध्यानात ठेवावे, कारण तपासणीच्या अर्जात तेच लिहावे लागते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल पाण्यात झटकन विरघळते आणि जमिनीतले जिवाणू आधी त्याच्यावरच तुटून पडतात. त्यात पाण्यातला प्राणवायू संपतो आणि बेंझीन नष्ट व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून ते अधिक लांबवर जाऊ शकते.

या बाबतीत सर्वांत मोठी ठेच अमेरिकेने खाल्ली, आणि शहाणपणही तिथेच आले. मोटारींचा देश, गल्लोगल्ली पंप, आणि टाक्या साध्या पोलादाच्या. त्या गंजल्या. १९८४ साली तिथल्या संसदेने जमिनीखालील टाक्यांसाठी कायदा केला, १९८८ मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारायला किंवा बंद करायला डिसेंबर १९९८ पर्यंत दहा वर्षांची मुदत दिली गेली. तेव्हापासून तिथे गळतीची साडेपाच लाखांहून अधिक प्रकरणे पक्की नोंदली गेली आहेत. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका या शहराचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पेट्रोलमध्ये त्या काळी एमटीबीई नावाचे रसायन मिसळत. ते पाण्यात सहज विरघळते. टाक्या आणि पाइपांतून गळून ते शहराच्या विहिरींत उतरले आणि १९९६ मध्ये त्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचा जवळजवळ निम्मा पाणीपुरवठा एका झटक्यात गेला. बाहेरून पाणी विकत घेण्याची पाळी आली, तेल कंपन्यांबरोबर दावे चालले, आणि विहिरी पुन्हा सुरू व्हायला दशकाहून अधिक काळ लागला.

अमेरिकेच्या नियमात गळती पकडण्याचे अनेक मार्ग दिले आहेत. त्यातले तीन आपल्या कामाचे आहेत.

पहिला मार्ग हिशेबाचा. रोज टाकीत काठी घालून माल मोजायचा, आलेला टँकर जमा करायचा, मशीनवरून झालेली विक्री वजा करायची, आणि महिनाअखेर वहीतील शिल्लक व टाकीतील शिल्लक ताडून पाहायची. कापडाच्या दुकानात स्टॉक मिळवतात तसेच. पण इथे एक अडचण आहे. कापड उन्हात आटत नाही, पेट्रोल थंडीत आकसते. दहा हजार लिटरमागे तापमानाच्या एका अंशाला साधारण दहा-बारा लिटरांचा फरक पडतो. शिवाय वाफ उडते, काठीचे माप थोडे चुकते. म्हणून त्या नियमात महिन्याच्या मालाच्या १ टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे सुमारे ४९२ लिटर, इतकी तफावत सोडून दिलेली आहे. महिन्याला एक लाख लिटर विकणाऱ्या पंपावर ही सूट दीड हजार लिटरांच्या घरात जाते. आपली थेंबाथेंबाची गळती महिन्याला फक्त पासष्ट लिटरांची. ती या वहीत कधीच दिसणार नाही. आयुष्यभर वहीवर भरवसा ठेवलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे पटायला जड गेले, पण आकडे तसेच आहेत. म्हणूनच तिथे नुसत्या हिशेबावर भागत नाही, त्याला टाकीच्या दाब-चाचणीची जोड द्यावी लागते.

दुसरा मार्ग यंत्राचा. टाकीत बसवलेले मापक स्वतःच पातळी मोजत राहते. महिन्याच्या चाचणीत त्याने तासाला ०.२ गॅलनची गळती पकडली पाहिजे, असा तिथला दंडक आहे. म्हणजे दिवसाला अठरा लिटर. दोन लिटरांची गळती याच्याही हातून निसटू शकते.

मग उरतो तिसरा मार्ग, जमिनीतले पाणीच तपासण्याचा. टाकीच्या खड्ड्यात किंवा त्याला लागून बारीक बोअर घेतात. त्यात चिरा पाडलेला पाइप उतरवतात, म्हणजे पाणी आणि त्यावर तरंगणारे तेल आत येते पण माती येत नाही. वरचे तोंड पक्के बंद करतात, नाहीतर रस्त्यावर सांडलेले डिझेल पावसाच्या पाण्याबरोबर आत जाऊन खोटीच बातमी देईल. बोअरवर खूण करून कुलूप लावतात. कोणी टँकरवाल्याने चुकून त्यालाच भरायचे तोंड समजून माल ओतला तर अनर्थ होईल. दर तीस दिवसांनी ते उघडून पाहायचे. पाण्यावर एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटर, तेलाचा थर असला तरी तो दिसला पाहिजे, अशी अट आहे. वहीला आणि यंत्राला न सापडलेला थेंब इथे साचत जातो आणि केव्हातरी सापडतो. वर्षभराची हळू गळती पकडण्याचे सामर्थ्य या साध्या भोकात आहे.

मात्र त्याच नियमात दोन अटी आहेत, त्या वाचल्याशिवाय कोणी बोअर पाडू नये. पाण्याची पातळी कधीही वीस फुटांच्या खाली जाता कामा नये. आणि टाकी व बोअर यांच्यामधली जमीन वाळू-खडीसारखी, पाणी सहज वाहू देणारी असली पाहिजे. आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात वर थोडी माती, मग मुरूम, आणि खाली काळा पाषाण. पाणी मुरुमात आणि खडकाच्या भेगांत असते. श्रावणात हाताला लागणारे पाणी वैशाखात तीस-चाळीस फूट खाली गेलेले असते. भेग कुठून कुठे गेली आहे ते वरून कळत नाही. पंपाला लागून असलेली विहीर कोरी राहील आणि दोन गल्ल्या पलीकडची बाटेल, असेही होऊ शकते. म्हणून टाकीशेजारी एक बोअर घेतले की झाले, असा समज आपल्या जमिनीत धोक्याचा आहे. आसपासच्या सगळ्या विहिरी, मशिदीच्या आवारातील, शाळेतील, कारखान्यातील, मिळून एकत्र पाहिल्या तरच चित्र स्पष्ट होते.

ऋतूचाही खेळ आहे. पातळी उतरते तसे तेल तिच्याबरोबर खाली जाते. पावसाळ्यात पाणी चढले की बरेचसे तेल मातीत पाण्याखाली अडकून राहते आणि विहीर स्वच्छ वाटते. दिवाळीनंतर पातळी उतरू लागली की पुन्हा तवंग दिसतो. सप्टेंबरात पाहून निर्धास्त झालेल्या माणसाची इथेच फसगत होते. एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मार्च ते मे या काळात, असे दोनदा तरी पाहावे. आणखी एक गोष्ट म्हणजे तुमची मोटर. आठ-आठ तास पंप चालवणारा रंगारी आजूबाजूचे पाणी आपल्याकडे ओढत असतो, आणि त्या पाण्यात जे असेल तेही.

माझ्या ओळखीतल्या एका रंगाऱ्याचा मामला सांगतो. गाव आणि पंप, दोन्हींची नावे राहू देत. त्याच्या सुताच्या लडींवर डाग पडू लागले, रंग कुठे धरायचा, कुठे सुटायचा. तेलकट पाण्यात सूत नीट भिजत नाही, त्यामुळे असे होते. आधी त्याने रंगाच्या व्यापाऱ्याला दोष दिला, मग कारागिराला. दोन महिन्यांनी विहिरीला वास आला तेव्हा तो शेजारच्या पंपावर गेला. पंपवाल्याने उत्तर दिले, "वास तुमच्याच केरोसीनच्या पिंपाचा असेल." आणि ते खोटे आहे हे सिद्ध करायला या भल्या माणसाजवळ काहीच नव्हते. पाणी आधी चांगले होते याचा एकही कागद नाही, वास कोणत्या तारखेला आला याची नोंद नाही. शेवटी स्वतःच्या खर्चाने त्याने टँकर लावले.

त्याच्या जागी मी असतो तर काय केले असते, यावर बराच विचार केला. पहिली गरज आहे ती आधीच्या नमुन्याची. पाणी चांगले असतानाच एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून बीटीईएक्सची तपासणी करून अहवाल जपून ठेवावा. एकट्याला खर्च झेपत नसेल तर गल्लीतील दहा जणांनी मिळून करावा. ही तपासणी साध्या पाणी-तपासणीत येत नाही, ती वेगळी सांगावी लागते. नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घेऊ नये. काचेची छोटी बाटली काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, बर्फात ठेवून पोचवावी लागते, कारण बेंझीन उडून जाते. प्रयोगशाळेचा माणूस येऊन घेईल तर सर्वांत चांगले.

मग एक साधी वही घालावी. दर महिन्याच्या ठराविक तारखेला विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंत दोरीने माप घ्यावे, काचेच्या भांड्यात पाणी काढून वास आणि तवंग पाहावा, आणि दोन ओळी लिहून खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात. तवंग दिसला की लगेच पंपवाल्याच्या नावाने ओरड करू नये. लोहयुक्त पाण्यावर जिवाणूंमुळेही इंद्रधनुष्यासारखा पापुद्रा येतो. काडीने ढवळून पाहा. पापुद्रा काचेसारखा तुटून तुकडे वेगळे राहिले तर तो बहुधा जिवाणूंचा. तुटून पुन्हा एकत्र आला तर तेलाचा संशय धरा. आणि वास नाही म्हणजे पाणी चांगले, असेही समजू नका. बेंझीन नाकाला कळायच्या आत मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेले असते.

वास आलाच तर विहिरीत कोणालाही उतरवू नका, जवळ बिडी-काडी ओढू नका, मोटरचे बटण दाबू नका. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात एप्रिल १९९२ मध्ये पेट्रोलच्या गळक्या पाइपातून माल गटारात उतरला. लोक काही दिवस वासाची तक्रार करत होते. २२ एप्रिलला स्फोट झाले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. ते पाणी उकळून पिणे हाही उपाय नव्हे. उकळताना बेंझीन वाफेबरोबर घरात पसरते. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसरे पाणी आणावे.

तक्रार कोणाकडे? पंपवाल्याला सांगावेच, पण तोंडी नको. अनेक ठिकाणी टाकी तेल कंपनीची आणि धंदा डीलरचा असतो, म्हणून कंपनीलाही प्रत द्यावी. गळती ही त्यांच्याही मालाची घट आहे, त्यामुळे शहाणा डीलर ऐकतो. टाक्यांचा परवाना केंद्राच्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेकडून मिळतो. तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पाण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे विभागीय कार्यालय. १९७४ च्या जल कायद्यातील कलम २४ प्रमाणे विहिरीत दूषित पदार्थ जाऊ देण्याला मनाई आहे, आणि मंडळाला नमुना घेण्याचा अधिकार आहे. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. नवा पंप होऊ घातला असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जानेवारी २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे पाहावीत. शाळा, दहा किंवा अधिक खाटांचे दवाखाने आणि निवासी भाग यांपासून ५० मीटर अंतर त्यात सांगितले आहे. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा व्यवस्था करून सूट मिळते, पण ३० मीटरच्या आत कोणत्याही परिस्थितीत नाही. बाजारातल्या जुन्या पंपांना मात्र याचा फारसा उपयोग नाही.

आणि आपल्या आवारातील टाकीचे काय? डिझेल किंवा केरोसीन एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत असेल आणि कोणतेही एक भांडे १,००० लिटरांपेक्षा मोठे नसेल, तर पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागत नाही. परवाना नाही म्हणजे तपासायलाही कोणी येत नाही. त्यामुळे अशी टाकी पुरूच नये, जमिनीवर सिमेंटच्या हौदात ठेवावी, म्हणजे गळाले तर डोळ्यांना दिसते. जुनी पुरलेली टाकी वापरात नसेल तर माल उपसून, जाणकाराकडून साफ करून काढून टाकावी. विसरलेली टाकी गंजतच राहते.

पैशाचा प्रश्न शेवटी येतोच. ज्याने नासवले त्याने भरावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दोन खटल्यांत लागू केले. एक राजस्थानातील बिछडी गावचा, जिथे रंगाला लागणारे एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या होत्या. दुसरा तामिळनाडूतील वेल्लोर भागातल्या टॅनऱ्यांचा. दोन्ही धंदे आपल्याला परके नाहीत. आज अशी भरपाई राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे मागता येते. पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. अर्ज, कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो, पुरेसे कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात. ही पाच वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची, यावरच पहिला वाद होतो, आणि तिथे वहीतली दोन सह्यांची नोंद उपयोगी पडते.